संत्र्याच्या अर्ध्या फोडी

तराजूराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं सिनेमांची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला सहकाऱ्यांनी चिकटवलेलं ते टोपणनाव, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. अंधारात, वहीकडे न बघता, प्रत्येक प्रसंगाला एक ओळ लिहायची. मध्यंतराला पान उलटायचं. सगळ्यात सरस प्रसंगापुढे चांदणी काढायची. ही त्यांची पद्धत. आपला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ते चारचौघांत बिनदिक्कत सांगत.

त्या शुक्रवारचा सिनेमा एका कादंबरीवरून काढलेला होता. उत्तरपत्रिका न उघडताच एका विद्यार्थ्याला नापास करणारा परीक्षक, आणि त्याने जन्मभर लपवलेली ती गोष्ट. सकाळच्या खेळाला पंधरा समीक्षक हजर होते. चौदांनी शेवटच्या कबुलीजबाबाची तारीफ केली. तराजूरावांची चांदणी मात्र भलत्याच प्रसंगाला होती: म्हातारी आई संत्रं सोलते, अर्ध्या फोडी रिकाम्या खुर्चीसमोर मांडते आणि म्हणते, "अर्ध्यावरून उठू नये, बाळा." असा प्रसंग दहा वर्षांत पडद्यावर आला नाही, असं त्यांनी छातीठोकपणे लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला.

"सर, निर्माते विचारतायत, ही आई कोण? सिनेमात आईच नाही म्हणे."

"झोपले होते का ते?" तराजूराव हसले. "माझ्या वहीत आहे ना."

वहीत होतंच. चांदणीसकट. तरी निर्मात्यांचे दात घशात घालावेत म्हणून त्यांनी रेडिओवर परीक्षण करणाऱ्या ताईंना साक्षीला घेतलं आणि दुपारचा खेळ गाठला.

आई आली नाही. संत्रं आलं नाही. दिवे लागले, झाडूवाला रांगांमधून फिरू लागला, तरी तराजूराव पडद्याकडे बघत बसले होते.

"मी परीक्षण वाचलं तेव्हाच ओळखला तो प्रसंग," ताई जिना उतरताना म्हणाल्या. "त्या नवख्या दिग्दर्शिकेचा पहिलाच सिनेमा होता बघा, तुम्ही चिंधड्या उडवल्या होत्या. त्यातला आहे, मध्यंतरानंतरचा. आता एक प्रतही उरली नाही त्याची. एवढा लक्षात राहिला तुमच्या, आणि तेव्हा एक शब्द लिहिला नाहीत?"

तराजूरावांची जीभ आपसूक दाढेच्या रिकाम्या जागेकडे गेली.

अकरा वर्षांपूर्वी त्या सिनेमाच्या मध्यंतरात त्यांची दाढ अशी ठणकली, की ते उठून थेट दंतवैद्याकडे गेले. दाढ उपटली. संध्याकाळी 'उत्तरार्ध पार ढासळतो' असं लिहून ते मोकळे झाले. सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरला. त्या मुलीने पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. मग जे पाहिलंच नाही, ते आठवलं कुठून?

"दोन ओळींचा खुलासा द्या, सर," ताईंचं म्हणणं कळल्यावर संपादकबाई म्हणाल्या. "जुन्या सिनेमाशी गल्लत झाली म्हणा. होतं असं."

खरं सांगितलं तर तीस वर्षांची अब्रू धुळीला मिळणार होती. तराजूराव टेबलाशी बसले. एका दमात लिहून काढलं. 'सदर प्रसंग मी अकरा वर्षांपूर्वी शेवटपर्यंत पाहिलेल्या एका चित्रपटातील असून, अनवधानाने…' खुलासा पाठवून त्यांनी हात झटकले. सुंठीवाचून खोकला गेला.

मग, उगीच आपली खात्री म्हणून, त्यांनी कपाटातून त्या वर्षीची वही काढली.

अठरा प्रसंग. अठरा ओळी. खाली 'मध्यंतर'.

त्यांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं असायला हवं होतं.

अक्षर त्यांचंच होतं. अंधारात लिहिल्यासारखं, तिरकं.

'आई. संत्रं. रिकामी खुर्ची.' पुढे चांदणी.

'तो येऊन खुर्चीत बसतो. म्हणतो, मी शेवटपर्यंत पाहिलं.'

'आई म्हणते, मग शेवट सांग.'

त्याखाली काही नव्हतं. पुढची सगळी पानं कोरी होती.

तराजूरावांनी गालाला हात लावला. अकरा वर्षांपूर्वी उपटलेली दाढ हळूहळू ठणकू लागली होती.