भिंतीवरची तीन घड्याळं

“पोलीस नकोत, बाई. मुलांचं प्रकरण आहे. तुम्हीच या.”

शीतलने फोनवर एवढंच सांगितलं आणि तासाभरात क्षमा तांबे वाकोल्याजवळच्या त्या विद्यापीठात पोहोचल्या.

क्षमाबाईंनी जोगेश्वरीच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. शीतल त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचं काम बघत होती. बाईंबरोबर माणिक सर होते. त्याच शाळेत ते चित्रकला शिकवायचे. बाई तपास करत आणि सर प्रश्न विचारत, बहुतेक वेळा चुकीचे.

विभागाच्या खोलीला नव्या रंगाचा वास येत होता. समोरच्या भिंतीवर तीन गोल घड्याळं होती. खाली पितळी पट्ट्या : थिंपू, मुंबई, टोकियो. या शहरांतल्या विद्यापीठांशी करार झाले होते.

“साडेअकरा!” माणिक सरांनी मनगटावरचं चावीचं घड्याळ कानाला लावलं. “माझं अकराच दाखवतंय. पुन्हा मागे पडलं बघा.” त्यांनी काटे पुढे सरकवले.

शीतलने खुर्च्या पुढे केल्या. कोपऱ्यात एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

“ही नीलम. घाटकोपरला राहते. सहा महिन्यांसाठी टोकियोला निघालीय, तिच्या घरातली पहिलीच. तिथल्या विद्यापीठाचं शिक्क्याचं मूळ पत्र काल कुरिअरने आलं. उद्या सकाळी नऊला व्हिसासाठी ते हातात लागणार. आणि ते गायब आहे.”

“दुसरं मागवता येईल ना?” माणिक सरांनी विचारलं.

“दहा दिवस जातील, सर. व्हिसाची पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर तिथले वर्ग सुरू होतात.”

“माझे पप्पा सगळ्या चाळीला सांगून बसलेत,” नीलम हळूच म्हणाली.

“काल काय झालं ते क्रमाने सांग,” क्षमाबाई शीतलला म्हणाल्या. “घाई करू नकोस.”

“भूतानच्या पाहुण्या आल्या होत्या, डॉ. सोनम. साडेचारला वरच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. मी गेले तेव्हा पाकीट या टेबलावर होतं. पांढरं, जाड पुठ्ठ्याचं. कपाटात ठेवायला हवं होतं, माझंच चुकलं. दार नुसतं ओढून घेतलं होतं. नंतर आमच्या इथल्या दशरथमामांनी कुलूप लावून किल्ली गेटवर दिली. तिथल्या वहीत सव्वापाच लिहिलंय. आज सकाळी बघते तर पाकीट नाही.”

“मग पोलीस का नकोत? संशय कुणावर आहे?”

शीतलने आवाज उतरवला. “देवेश. प्रतीक्षा यादीत पहिला. नीलम गेली नाही तर पुढच्या सत्राची जागा त्याला मिळते. तो म्हणतो, काल साडेपाचला मी इथे आलो आणि पाकीट टेबलावर होतं. बाई, सव्वापाचला कुलूप लागलेल्या खोलीत साडेपाचला हा शिरला कसा?”

“दुसरी किल्ली!” माणिक सर उठलेच.

“बसा सर,” क्षमाबाई म्हणाल्या. त्या स्वतः वाकून टेबलाखाली बघत होत्या. तिथून त्यांनी एक पांढरा चौकोनी पुठ्ठा उचलला. “हा कशाचा?”

“रंगाऱ्यांचा असेल. रविवारी खोली रंगवली ना. काल सकाळी सामान परत लावलं.”

बाईंनी पुठ्ठा पर्समध्ये ठेवला.

देवेश बाहेर व्हरांड्यात उभा होता. उंच, चष्म्याचा, रागावलेला.

“मी चोर नाहीये, मॅडम.”

“मी म्हटलं का रे तसं? कशाला आला होतास, एवढंच सांग.”

“सांगायलाच पाहिजे का?”

“बरं, नको सांगूस. वेळ कशी कळली?”

“मोबाईलची बॅटरी डाउन होती. भिंतीवर बघितलं. मुंबईच्या घड्याळात साडेपाच. आणि दार उघडं होतं, आईशप्पथ!”

“खोलीत कुणी होतं?”

“कुणी नाही. वरून टाळ्या ऐकू येत होत्या.”

नीलम दारात आली होती. तिच्या हातात एक निळी वही होती. “बाई, ही आज इथल्या माझ्या कागदांच्या ट्रेमध्ये मिळाली. नाव नाही. जपानी भाषेतली रोजची वाक्यं लिहिलीत, मराठी अर्थासकट.”

देवेशचे कान लाल झाले. तो खिडकीबाहेर बघू लागला.

“अक्षर छान आहे हो,” माणिक सर म्हणाले.

तेवढ्यात दशरथमामा चहा घेऊन आले. मालवणकडचे, बावीस वर्षं याच विभागात शिपाई. त्यांनी टेबलाची कड बोटाने चाचपली, मग ग्लास ठेवले.

“घेवा, शीतलबाय,” ते क्षमाबाईंना म्हणाले.

“मी क्षमा, मामा.”

“होय होय. घाईत चुकलंय.”

“काल सत्कार कधी संपला?”

“पाच वाजून गेल्यार. सगळे वर च्या घेत व्हते. मी शाल आणि वारली चित्राची फ्रेम घेवन खाली इलंय. शाल पाहुण्यांच्या खांद्यावर घालतत, फोटो झालो की काढून माझ्याकडे देतत. मी परत घडी घालतंय. आत पुठ्ठो सारूचो लागता, नायतर घडी मोडता. मगे पिशवी भरली, कुलूप लावलंय, किल्ली दिलंय आणि पिशवी पाहुण्यांच्या गाडीत नेवन ठेवलंय.”

“तेव्हा टेबलावर पाकीट होतं?”

“नाय. पाकीट मी बघूकच नाय.” ते दाराकडे वळले. “ह्या पोराचा नाव घेव नका. चांगलो आसा तो.”

मामा गेल्यावर माणिक सर कुजबुजले, “एक साडेपाच म्हणतो, दुसरा सव्वापाच. कुणीतरी खोटं बोलतंय.”

“किंवा कुणीच नाही. चला, कॅन्टीनला जाऊ.”

कॅन्टीनची खिडकी बंद होती. सर वैतागले. “बारा वाजून दहा मिनिटं झाली! बारापासून जेवण लिहिलंय ना?”

आतून आवाज आला, “काका, घड्याळ बदला. अजून वीस मिनिटं आहेत!”

सर घड्याळ पुन्हा कानाला लावू लागले. क्षमाबाई हसल्या. “सर, तुमच्या घड्याळाने प्रकरण सोडवलं. परत चला.”

सगळे पुन्हा खोलीत जमले. नीलम, देवेश, शीतल. दाराशी दशरथमामा.

“बाळांनो, एक सोपं गणित,” क्षमाबाई वर्गात बोलायच्या तशा बोलू लागल्या. “सूर्य आपल्या पूर्वेकडे आधी उगवतो, म्हणून तिथली घड्याळं पुढे असतात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आणि थिंपू?”

“अर्धा तास,” नीलम म्हणाली.

“शाब्बास. आता मोबाईल काढा आणि भिंतीकडे बघा.”

मोबाईलमध्ये बाराला दहा कमी होते. ‘मुंबई’वरचं घड्याळ बारा वीस दाखवत होतं. ‘थिंपू’वरचं मात्र मोबाईलशी जुळत होतं.

“अगंबाई, अदलाबदल!” शीतल म्हणाली. “आम्ही भिंतीकडे बघतोच कुठे?”

“देवेशने बघितलं. माणिक सरांनीही बघितलं, आणि आपलं बरोबर चाललेलं घड्याळ बिघडवलं. म्हणजे देवेश आला तेव्हा खरे पाच वाजले होते. दार उघडं होतं, वर टाळ्या वाजत होत्या. त्याने नीलमच्या ट्रेमध्ये ही निळी वही ठेवली आणि तो निघून गेला. ज्याला मुलीचं जाणं बिघडवायचंय, तो रात्रंदिवस बसून तिच्यासाठी वाक्यं लिहील का?”

नीलमने देवेशकडे बघितलं. “तू?”

“दोन वर्षं जपानी शिकलो होतो यार,” तो पुटपुटला. “फुकट कशाला घालवायचं?”

“आता उरली पाच ते सव्वापाच ही पंधरा मिनिटं,” बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पुठ्ठा काढला आणि कपाटातल्या एका नव्या, कोऱ्या शालीशेजारी धरला. शालीच्या घडीत तसाच, तेवढाच पुठ्ठा होता. “हा रंगाऱ्यांचा नाही, सत्काराच्या शालीतला आहे. तो खाली पडला. त्याच्या जागी दुसरं काहीतरी पांढरं, जाड, चौकोनी घडीत गेलं. शीतल, डॉ. सोनम कुठे आहेत?”

“मरोळच्या अतिथिगृहात. चारला विमानतळावर निघतील.”

“फोन लाव. त्यांना शाल उलगडायला सांग. सत्काराची शाल उलगडतं कोण? घडीतच ती पुढच्या माणसाला जाते.”

फोन स्पीकरवर होता. पिशवीची खसखस ऐकू आली. मग डॉ. सोनम हिंदीत म्हणाल्या, “इसमें एक लिफ़ाफ़ा है. नीलम कांबळे लिखा है.”

नीलम मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. शीतलने तिला जवळ घेतलं.

“पण मामांना पाकीट ओळखू कसं आलं नाही?” माणिक सरांनी विचारलं. “आणि घड्याळं चुकीची लावली कुणी?”

या वेळी त्यांचा प्रश्न बरोबर होता. क्षमाबाई शालीची घडी नीट करू लागल्या. त्यांनी मुद्दामच दाराकडे बघितलं नाही.

“मीच लावलंय,” दशरथमामा पुढे आले. “दोनव मोतीबिंदू आसत. वरसभर सगळा धुक्यात दिसता. पट्टी वाचूक येना. दोन म्हयन्यांनी रिटायर व्हतंय, तवसर धकवूया म्हटलंय. सांगितलंय असतंय तर माका घरी बसवल्यानी असता. दरवर्षी पोरा जातत, त्यांका गेटापर्यंत पोचवक कोण जातला?” ते नीलमकडे वळले. “बाय, तुझ्या वाटेत मीच इलंय.”

नीलम उठली. डोळे पुसून तिने मामांचा हात धरला.

“पाकीट आणायला मरोळला रिक्षा करू. तुम्ही चला माझ्याबरोबर, मामा. येताना डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”

“मी पण येतो,” देवेश म्हणाला. “रिक्षात तिघं मावतात.”

ते गेल्यावर माणिक सर खुर्चीवर चढले आणि दोन घड्याळं अदलाबदल केली. मग मनगटावरचं आपलं अर्धा तास मागे घेतलं. “बिचारं बरोबर होतं हो. मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.”

दोन महिन्यांनी दशरथमामांच्या निरोपाला क्षमाबाई आणि सर गेले होते. या वेळी शाल मामांच्या खांद्यावर होती, आणि फोटो झाल्यावरही त्यांनी ती काढू दिली नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती.

साडेपाचला मामा शेवटचं कुलूप लावायला खोलीत आले. दारात थांबून त्यांनी भिंतीकडे बघितलं. पट्टीला हात न लावता, लांबूनच त्यांनी टोकियोचं घड्याळ वाचलं.

“नऊ वाजले,” ते म्हणाले. “पोर जेवली आसतली.”