मुठ्यातली भरती

सोमवारी सकाळी मी मुठ्याला पोचले तेव्हा माझ्याकडे कामांची यादी होती. फ्रिज रिकामा करायचा, आबांची पुस्तकं खोक्यांत भरायची, दवाखान्याची कागदपत्रं शोधायची आणि शिंपल्यांच्या टाकीजवळच्या पेटीतली नोंद निरंजनला पाठवायची. शेवटचं काम सगळ्यात सोपं वाटत होतं.

आबा म्हणजे माझे वडील, धम्मपाल. त्यांची सगळी नोकरी समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधलं ते मात्र मुठा खोऱ्यात. समुद्र आणि या घराच्या मध्ये आख्खा सह्याद्री उभा आहे. ऑक्टोबरात ते गेले. यकृत निकामी झालं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, त्यामुळे डॉक्टरही बुचकळ्यात पडले होते.

त्यांचं शेवटचं काम कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी चाललं होतं. खाडीचं नाव इथे लिहीत नाही. महायुद्ध संपल्यावर उरलेले तोफगोळे तिथे बोटींनी नेऊन बुडवले होते. वर्षानुवर्षं लोखंड गंजत गेलं आणि आतली स्फोटक दारू पाण्यात झिरपू लागली. तिथल्या माशांच्या यकृतांवर गाठी सापडत होत्या. किनाऱ्यावरच्या वाडीतल्या बायका मात्र रोज ओहोटीला शिंपले काढायच्या, विकायच्या आणि घरी रांधायच्या. आबांना ते थांबवायचं होतं. थांबवायला पुरावा लागतो.

धोक्याची चाहूल लागली की शिंपला मिटतो. आबांनी सोळा शिंपल्यांच्या एका कवचावर तांदळाएवढा लोहचुंबक आणि दुसऱ्यावर बारीक वायर चिकटवली आणि ते पिंजऱ्यातून तोफगोळ्यांशेजारी सोडले. कोणता शिंपला किती उघडा आहे, हे त्या वायरींना जोडलेली पेटी दर मिनिटाला नोंदवत असे. तुलनेसाठी त्या पाण्यापासून दूर असलेले शिंपलेही हवे होते. आबांना किनाऱ्यावरचं कुठलंच पाणी स्वच्छ वाटेना. म्हणून तशाच वायरी आणि वेगळी पेटी जोडलेले आणखी सोळा त्यांनी मुठ्याला आणले आणि मधल्या खोलीत, मोजून मीठ घातलेल्या पाण्यात, काचेच्या टाकीत ठेवले. सहकारी हसले. आबा म्हणाले होते, "इतका लांबचा साक्षीदार दुसरा मिळणार नाही."

आबा दवाखान्यात गेल्यापासून टाकीकडे शेजारच्या आक्काबाई बघत होत्या. मी कुलूप उघडत होते तोवर त्या चहाची किटली घेऊन आल्या.

"वाळलीस गं, दीपे. पुन्यात काय खायाला मिळत न्हाई व्हय?"

मी टाकीचं विचारलं. पाणी उडून कमी झालं की त्यात गोडं पाणी घालायचं, मीठ नाही, असं आबांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आक्काबाईंनी मीठही घातलं असेल, अशी मला शंका होती.

"मीठ कशाला घालू? तुज्या आबानं धा येळा बजावलं हुतं. मी म्हनलं, आवं, दर्याच्या जीवाला गोडं पानी? शानी मानसं बी कदी कदी येड्यावानी करत्यात." त्यांनी पदराने टाकीची काच पुसली. "आन खरं सांगू का, दिवाळीपास्नं म्या पानी घातलंच न्हाई."

"का?"

"लागलंच न्हाई. खाली जातंया आन परत वर येतंया."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दुपारी बारा वाजता मी पाण्याच्या पातळीला काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. सहा वाजता पाणी त्याखाली तीन बोटं गेलं होतं. टाकीखालची फरशी कोरडी होती. झोपायच्या आधी पाहिलं, तर पाणी पट्टीजवळ येत होतं. मंगळवारी पुन्हा तेच झालं, फक्त वेळा पाऊणएक तास पुढे सरकल्या होत्या. मी एका जागी बसूच शकत नव्हते. खोकं अर्धं भरायचं, टाकीपाशी यायचं, अंगणात जायचं, परत यायचं. अंगणापलीकडे भात काढलेली खाचरं आणि पेंढ्याची उडवी होती. तिथे सगळं जसं असायला हवं तसं होतं.

समुद्रातून लांब नेलेले शिंपले काही दिवस आपल्या किनाऱ्याची भरती-ओहोटी पाळतात, असं मी वाचलं होतं. त्यांच्या शरीरात घड्याळ असतं. शिंपल्यांना घड्याळ असतं हे मला मान्य आहे. पाण्याला नसतं.

मंगळवारी दुपारी मी पेटीतली नोंद निरंजनला पाठवली. निरंजन आबांचा विद्यार्थी. शिंपले काढण्यावर बंदी आणायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीपुढे पुढच्या सोमवारी अहवाल तोच ठेवणार होता. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"ताई, गडबड झाली. तुम्ही खाडीचीच फाईल परत पाठवलीत. मुठ्याची हवी होती."

"माझ्याकडे खाडीची फाईल नाही, निरंजन. ही इथल्या पेटीतली आहे."

मग त्याने दोन्ही फाईली शेजारी ठेवून मला काही आकडे वाचून दाखवले. मे महिन्यापासून सप्टेंबरात खाडीतला पिंजरा वर काढेपर्यंत, मिनिटामिनिटाला, सोळाच्या सोळा शिंपल्यांची नोंद तंतोतंत सारखी होती. पिंजरा निघाल्यानंतर खाडीची नोंद थांबली होती. मुठ्याची चालूच होती.

"समिती काय म्हणेल कळतंय ना? म्हातारा मुठ्याला घरी बसून समुद्राचे आकडे लिहीत होता."

"तू काय म्हणतोस?"

"मी त्यांचा विद्यार्थी आहे, ताई."

"हे उत्तर झालं नाही."

"मुठ्याची टाकी नव्हतीच असं धरू या का?" तो हळूच म्हणाला. "वगळून टाकू."

मी पाठ्यपुस्तकांचं संपादन करते. नको असलेला आकडा वगळणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. वगळलं तर निरंजन आयुष्यभर मनातल्या मनात आबांना खोटारडा म्हणत राहील, आणि मीही. नाही वगळलं तर अहवाल कचऱ्यात जाईल आणि त्या बायका शिंपले काढत राहतील.

बुधवारी टाकीतलं पेलाभर पाणी मी खिडकीत उन्हाला ठेवलं. आबांच्या वहीत एक ओळ होती: तोफगोळ्यातली दारू विरघळलेलं पाणी उन्हात गुलाबी होतं. एक वाजेपर्यंत पेला गुलाबी झाला.

"सरबत केलंस व्हय? येकटीच पितीयास?" आक्काबाईंनी दारातूनच विचारलं.

"हात लावू नका त्याला," मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

त्या मागे सरल्या. "तुजा आबा बी असाच खेकसायचा. आन सोता मात्र रोज कोपरापोत्तर हात घालून बसायचा. म्या इचारलं, काय चाचपताय? तर म्हनला, तळ लागंना."

तो पेला कुठे ओतायचा हे मला सुचेना. शेतात नाही, मोरीत नाही. शेवटी मी ते पाणी बाटलीत भरून तिचं बूच घट्ट लावलं.

संध्याकाळी निरंजनचाच फोन आला. त्यालाही चैन नव्हतं.

"उद्या मी बोट घेऊन खाडीवर जातोय. नवा पिंजरा खाली सोडणार, सोबत कॅमेरा. दर दहा मिनिटांनी एक फोटो. शिंपल्यांना दचकवायला पाणबुड्या दिवसभर अधूनमधून खाली उतरेल. कधी, ते तुम्हाला सांगणार नाही. तुमचे शिंपले एवढे हुशार असतील तर त्यांनाच सांगू दे."

"टोमणा मारतोयस."

"नाही हो. सरांसाठी चाललंय माझं."

गुरुवारी साडेनऊपासून मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. शिंपले उघडे होते. कवचांच्या कडा हिरव्या, आतलं मांस केशरी.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी सोळाही शिंपले एकदम मिटले. आवाज झाला, नखावर नख वाजावं तसा. सात मिनिटांनी उघडले.

पुन्हा अकरा पंचवीसला. एक पाचला. अडीचला.

मी वेळा कागदावर लिहीत गेले. मधल्या वेळात उठत होते, खिडकी उघडत होते, लावत होते. आक्काबाई भाकरी ठेवून गेल्या, मी खाल्ली नाही.

अडीचनंतर काहीच झालं नाही. शिंपले उघडे होते, आणि चार वाजेपर्यंत आणखी उघडत गेले. इतके उघडलेले मी पाहिले नव्हते. मेलेला शिंपला असा उघडतो. मी काचेवर टिचकी मारली. हालचाल नाही.

ते मेले असतील तर सगळंच संपलं, असं मनात आलं. मी बाही वर केली आणि पाण्यात हात घातला.

टाकी दीड वीत खोल होती. काचेतून मला शिंपले दिसत होते आणि माझा हात दिसत नव्हता.

पाणी कोमट होतं. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. मग दंडापर्यंत. बोटांना काही लागलं नाही. पाण्याला ओढ होती, एका बाजूला, संथ.

शिंपले मिटले. मी हात बाहेर काढला. घड्याळात चार दहा झाले होते.

बराच वेळ मी हात टॉवेलने पुसत राहिले. मग कागदावर पाचवी वेळ लिहिली आणि पाचही निरंजनला पाठवल्या.

शुक्रवारी सकाळी अकराला त्याचा फोन आला. मागे बोटीचं इंजिन वाजत होतं.

"पहिल्या चार बरोबर आहेत, ताई. मिनिटाचा फरक नाही." त्याचा आवाज बसला होता. "पाचवी मला चुकलेली वाटली. आम्ही तीनलाच परत फिरलो होतो. चार दहाला तिथे कोणीच नव्हतं. पण पिंजरा आम्ही आत्ता वर काढला. तिथले शिंपलेही चार दहालाच मिटलेत."

"म्हणजे आबांनी मनचं काही लिहिलेलं नाही."

"नाही. सरांनी काही केलेलं नाही. मी चुकलो."

त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी भिंतीला टेकून बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"ताई, चार दहाला तुम्ही काय करत होता?"

"टाकीत हात घातला होता."

इंजिन बंद झालं. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

"बरोबर कोण होतं? आक्काबाई?"

"कोणी नाही. का?"

"चार दहाचा फोटो आहे. पाण्यात हात दिसतायत."

"हात?"

"दोन. एक वरून आलेला, बाईचा आहे, मनगटावर घड्याळ आहे."

घड्याळ मी काढलं नव्हतं.

"आणि दुसरा?"

"दुसरा त्याच्या खाली आहे. तुमचा हात धरायला वर आल्यासारखा." तो थांबला. "त्याच्या मनगटावर पांढरी प्लास्टिकची पट्टी आहे. दवाखान्यात पेशंटचं नाव लिहून बांधतात तशी."

आबांच्या मनगटावरची ती पट्टी कापायची राहून गेली होती. विद्युतदाहिनीचं दार लागताना मला ती दिसली होती आणि मी गप्प राहिले होते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

दुपारी निरंजनने अहवालाचा तक्ता भरून पाठवला. मुठ्याची नोंद त्यात जशीच्या तशी होती, पाचही वेळांसकट. पाचव्या नोंदीपुढचा एक रकाना त्याने माझ्यासाठी रिकामा ठेवला होता: टाकीजवळ हजर व्यक्ती, संख्या.

मी एक लिहिलं. मग ते खोडून दोन लिहिलं आणि तक्ता पाठवून दिला.