स्टिडमच्या कोठारापाशी डावीकडे

शुक्रवारी सकाळी सात वाजता लिओटा रॅटलिफनं चावी फिरवली आणि पिकअप नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लिओटानं गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी इंजिन काही सुरू होईना.

मागे दोन बॅगा बांधून ठेवल्या होत्या. टोपलीत तळलेली कोंबडी, ताक घालून भाजलेली मऊ, गरम बिस्किटं आणि सफरचंदाच्या करंज्या होत्या. शेजारी नवरा आर्व्हिल धुतलेला सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"नसेल आपल्या नशिबात," तो म्हणाला. "चल, आत जाऊ."

"नशीब गेलं खड्ड्यात. काल सकाळी बाटल्या आणायला हीच गाडी नेली होती मी. एका फेऱ्यात सुरू झाली."

आता ही सहल म्हणजे काही मोठी मोहीम नव्हती. तीन दिवस, डोंगरमाथ्याच्या रस्त्यावरची तीन छोटी गावं. पाइन गॅपला शुक्रवारी संध्याकाळी किराणा दुकानात फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिनं, वाजतात, ती ऐकायची. क्लोव्हर बेंडला नदीकाठच्या घरात मुक्काम करायचा. शेवटी स्टिलवॉटरच्या कड्यावर जायचं. तिथून म्हणे चार डोंगररांगा एकदम दिसतात. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खाणीतून बोलावणं आलं आणि आर्व्हिल पाळीवर गेला, त्याला एक्कावन्न वर्षं झाली. जायचं जायचं म्हणता ही दोघं कधी कुठे गेली नाहीत.

मग एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की आर्व्हिलचा उजवा डोळा गेलाच आहे, डावा नाताळपर्यंत तग धरेल. त्याच संध्याकाळी लिओटानं एक निळी वही काढली आणि तिच्यावर वीतभर लाल अक्षरांत लिहिलं, 'सहल'. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथली झाडं पानांच्या रंगानं पेटतात. यंदाची पानगळ आर्व्हिल बघणार, मग जगानं काही का म्हणेना.

जग बरंच काही म्हणत होतं. मुलगा वेंडेल म्हणाला, एकाहत्तराव्या वर्षी गाडी शिकलेली आई आणि अधू डोळ्यांचा बाप डोंगरातल्या वळणांवर जाणार, लोक मला काय म्हणतील. आर्व्हिलची मोठी बहीण ओझेला म्हणाली, या वयात माणसं दवाखान्यात जातात, सहलीला नाही. आमच्या खोऱ्यात शहाण्यांचा दुष्काळ कधीच पडलेला नाही. जो तो शहाणपण शिकवून गेला आणि दर वेळी लिओटानं वहीत आणखी एक पान भरलं.

गाडी ती चालवायची, रस्ता तो सांगायचा. इथे रस्त्याला नाव नसतं. जळालेल्या शाळेपाशी वळ, कोम्ब्सचं दुकान होतं तिथून वर चढ, अशा खुणा सांगतात. नवखा माणूस वेडा होतो, आमचं मात्र काही अडत नाही. आर्व्हिल तर यात पटाईत. गेल्या रविवारी चर्चहून वेंडेलकडे जाताना तो म्हणाला होता, "स्टिडमच्या कोठारापाशी डावीकडे. बघ गं, छपराला गंज किती चढलाय. रंग द्यायला हवा." लिओटाचा सगळा जीव स्टिअरिंगमध्ये होता. ती नुसती हूं म्हणाली आणि डावीकडे वळली.

फोन केल्यावर शेजारचा होबर्ट काडिल आला. खोऱ्यातल्या सगळ्या गाड्यांची नाडी त्याला कळते. उशीर झाला म्हणून त्यानं माफी मागितली. नव्या ओसरीचं काम चाललं होतं. स्टिडमचं कोठार त्यानं नि त्याच्या भावानं ऑगस्टमध्ये उतरवलं, त्याच्याच फळ्या वापरत होता. लाकूड अजून दगडासारखं आहे, असं कौतुकानं सांगतच त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं, एक टोपण काढलं आणि शीळ घातली.

"लिओटा मावशी, रोटर नाही."

"म्हणजे?"

"या टोपणाखाली चमच्याएवढा तुकडा असतो. त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही. कोणीतरी काढून नेलाय."

"पडला असेल कुठे?"

"टोपण परत जागच्या जागी बसवलंय, दोन्ही चिमटे लावलेत. आपोआप पडणारा तुकडा एवढं करत नाही. माझ्याकडे जुना आहे एखादा, शोधतो. पण हे ज्यानं केलं त्याचा हात सरावाचा आहे."

लिओटानं बॉनेट निरखून पाहिलं. स्वच्छ होतं. काल दुपारभर तिच्या परसात तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदाचा मुरंबा शिजत होता. दहा-बारा माणसं पाळीपाळीनं लाकूड घालत, ढवळत, बाटल्या भरत होती. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. घराच्या पुढच्या बाजूला उभ्या असलेल्या गाडीवर मात्र चिकट बोटाचा एक ठसा नव्हता.

पाइन गॅपच्या घरमालकिणीला उशीर होईल असं कळवावं म्हणून ती स्वयंपाकघरात आली. ओट्याखालच्या खणात नेहमी दोन निळ्या वह्या असत, एकाच दुकानातल्या, एकाच आकाराच्या. एक सहलीची. दुसरी लोणच्या-मुरंब्यांच्या कृतींची.

सहलीची वही होती. मुरंब्यांची नव्हती.

लिओटाच्या मनात पाल चुकचुकली. काल बाटल्या भरायच्या आधी तिनं ती वही बघून खणात परत ठेवली होती. सहल मोडायला रोटर नेणारा माणूस सहलीची वही सोडून मुरंब्यांची वही कशाला नेईल? तिनं खण लावला. वहीबद्दल कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, असं ठरवलं आणि रस्ता ओलांडून ओझेलाकडे गेली.

ओझेलावर संशय घ्यायला जागा होती. लिओटाच्या आंबटगोड लोणच्याची कृती ती तीस वर्षं मागत होती.

"काल माझ्या स्वयंपाकघरात आली होतीस?"

"कधी येणार? बारा वाजता ढवळायचा दांडा हातात घेतला तो अंधार पडेपर्यंत सोडला नाही. तुमच्यातल्या कुणाला जमतं का खालून ढवळायला? करपवला असता सगळा."

"एकदाही सोडला नाहीस?"

"विचार कुणालाही. तुझ्या नवऱ्यानं तर हातही लावला नाही. दर वर्षी पहिली पाळी त्याची असते. काल म्हणे पाठ दुखते. पाठ दुखणारा माणूस पुढच्या ओसरीवर चार तास सफरचंदं सोलत बसतो होय?"

हे खरं होतं. सालीची अखंड लड काढण्यात आर्व्हिलचा हात कुणी धरत नाही. परत येताना लिओटाची पावलं जड झाली.

नऊ वाजता वेंडेल आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्यानं मान्य केलं की या दोघांनी जाऊ नये असंच त्याला वाटत होतं.

"मग रोटर तू काढलास?"

"आई, मला थांबवायचंच असतं तर तुझ्यासमोर चावी खिशात घातली असती."

हेही खरं होतं. भांडायचं तर तोंडावर, ही खोड त्यानं तिच्याकडूनच उचलली होती.

लिओटा पायरीवर बसली. समोर डोंगराचा सगळा उतार लाल-पिवळा झाला होता. आणखी आठ दिवसांत एक पान राहिलं नसतं. ती रविवारचा तो रस्ता आठवत होती. ते वळण आठवलं, तो गंज आठवला. थोड्या वेळानं ती उठली, डोळे पुसले आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. ओझेलालासुद्धा, होबर्टलासुद्धा.

कॉफी ओतून झाली. आर्व्हिल टेबलाच्या टोकाशी बसला होता. खाणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेले त्याचे हात कपाभोवती शांत होते. त्या हातांची खोऱ्यात ख्याती होती. टोपीवरचा दिवा विझला तरी काम थांबत नसे.

लिओटा चुलीपाशी उभी राहिली. "आर्व्हिल, पाइन गॅपच्या बाईला कळवायचंय. नंबर सांग बघू."

"नंबर कुठून सांगू? वहीच गेली म्हटल्यावर राहिलंच काय. राहू दे आता."

सगळ्यांच्या नजरा टेबलावर गेल्या. लिओटानं कॉफी ओतताना ठेवलेली सहलीची वही आर्व्हिलच्या कपाशेजारी, त्याच्या करंगळीपासून चार बोटांवर पडली होती. लाल अक्षरं चुलीपासूनही वाचता येत होती. वेंडेलनं तोंड उघडलं, तसं लिओटानं बोट वर केलं.

"वही गेली हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. "मी तर एकालाही सांगितलेलं नाही."

आर्व्हिलनं कपाभोवतीचे हात मागे घेतले.

"मी सांगते मग," ती म्हणाली. "एकाच माणसानं दोन्ही गोष्टी केल्या. दुपारचीच वेळ, रात्री तर दाराला कडी असते; खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. सहलीच्या वहीवर वीतभर अक्षरं आहेत, तरी त्यानं दुसरीच उचलली. मी बसून विचार केला, अशी चूक कोण करेल? ज्याला अक्षरं दिसत नाहीत तो. त्यानं आकार चाचपला आणि हाताला लागली ती वही नेली. रोटर त्यानंच काढला, तोही नुसत्या हातानं, कारण ते हात दिव्यावाचून काम करतात. गाडीला मुरंबा लागला नाही, कारण दिवसभर कढईजवळ न गेलेला माणूस एकच होता. पाठीचं नुसतं निमित्त. त्याला जाळ कुठे आहे ते दिसत नव्हतं. साल काढायला डोळे लागत नाहीत."

"हे सगळं अंदाजानं," वेंडेल पुटपुटला. "बाबांना दिसतं अजून. मला रस्ता सांगतात ते."

"रस्ता सांगतात. सगळ्या नसलेल्या गोष्टींवरून सांगतात, आपल्या सगळ्यांसारखा. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. मी शेजारी बसत होते, आणि मला कळलं नाही." तिनं होबर्टकडे पाहिलं. "स्टिडमचं कोठार कधी उतरवलं?"

"ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात."

"छप्पर?"

"ते आधीच. भंगारात गेलं."

"गेल्या रविवारी आर्व्हिलनं मला त्या छपराचा गंज दाखवला. 'होता' म्हणाला नाही. बघ म्हणाला."

ओझेलानं तोंडावर पदरासारखा एप्रन धरला. आर्व्हिलनं सावकाश छातीवरच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि रोटर टेबलावर ठेवला.

"वही सरपणाच्या पेटीत आहे," तो म्हणाला. "जुलैपासून नुसता उजेड कळतो. नाताळपर्यंतचं डॉक्टर बोलला होता, माझ्या डोळ्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज रात्री जेवल्यावर त्या वहीत लिहीत होतीस. पेन्सिलीचा आवाज यायचा. कसं सांगणार होतो?" त्यानं रुमालाची घडी घातली. "घर मला पाठ आहे. तिथे परक्या भिंती चाचपडत फिरलो असतो. आणि कड्यावर नेऊन तू म्हणाली असतीस, बघ. मी खोटं बोललो असतो आणि ते तुला कळलं असतं. मला ते नको होतं."

वेंडेलनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, झालं ते झालं, आता बॅगा आत आणू. ओझेलानं मान हलवली. डोळेच नाहीत तर सहल कशाला, असं तीही म्हणाली.

लिओटाला इतका राग आला की तिनं कॉफीचं भांडं आपटलं.

"चार महिने मला फसवलंस त्याचा हिशेब वाटेत करू," ती आर्व्हिलला म्हणाली. "पण ही सहल नुसती तुझ्या डोळ्यांसाठी होती, असं कोण म्हणालं? मला दोन डोळे नाहीत? बहात्तर वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी काढली. पलीकडची बाजू कशी दिसते ते मी अजून पाहिलेलं नाही. मी आयुष्यभर काय पाहिलं? भांडी, खाणीचे कपडे आणि ही चूल. मला त्या कड्यावर उभं राहायचंय. आणि तुझ्याशिवाय जाणार नाही."

"मी काय करू तिथे?" आर्व्हिलनं विचारलं.

"फिडल कानांनी ऐकतात, म्हाताऱ्या. कोंबडी तोंडानं खातात. राहिलं बघायचं, ते मी बघीन आणि सांगीन. तुला माझं बोलणं बंद करता आलंय का कधी?"

होबर्टला हसू आलं. त्यानं रोटर उचलला आणि बाहेर गेला. वेंडेल काहीतरी म्हणणार होता, पण आईचा चेहरा बघून तोही टोपली उचलायला गेला. ओझेला एवढंच म्हणाली, की वह्या सांभाळायला कुणी हवं असेल तर ती मुरंब्यांची वही तीन दिवस ठेवून घेईल. लिओटानं सरपणाच्या पेटीतली वही काढली आणि गाडीत स्वतःच्या बुडाखाली घातली.

अकराला गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. चर्च मागे पडलं. आर्व्हिल टोपी मांडीवर ठेवून ताठ बसला होता. सवयीनं म्हणाला, "स्टिडमच्या कोठारापाशी डावीकडे," आणि मग टोपीची कड चाचपायला लागला.

लिओटानं गाडी वळणावर उभी केली. मागून कुणी येत नव्हतं.

"कोठार नाही तिथे आता," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

तिनं काच खाली केली, नीट पाहिलं आणि सांगायला लागली.