पलीकडचं बोट

सुमंत पाटणकर बाजारात मटका घ्यायला गेला, की दुकानदार कपाळाला हात लावायचा. हा वाजवून वाजवून सगळी रांग पालथी घालणार आणि शेवटी पहिलाच मटका उचलणार. दशाश्वमेधावर आरतीला उभा राहिला, तरी कान घंटेकडे. "ह्यांना देवाच्या घंटेतही चीर ऐकू येते," असं त्याची बायको संपदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. संशय हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. बनारसच्या एका रेल्वे शेडमध्ये तो डब्यांचे एक्सल तपासायचा.

एक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा जाडजूड पोलादी दांडा. त्याच्या टोकाला तेल लावून यंत्राचा प्रोब टेकवायचा. माणसाच्या कानाला न कळणारा आवाज दांड्यातून जातो, जिथे अडतो तिथून परत येतो आणि पडद्यावर काटा उभा राहतो. नको तिथे काटा दिसला, की दोनच शक्यता. आत चीर असेल, नाहीतर वरून तेलाचा थेंब चिकटला असेल. ते ओळखायची रीत जुनी आणि सोपी. जोडीदाराने पलीकडच्या चाकाजवळ जाऊन काटा दाखवतो त्या जागी तेलाचं बोट टेकवायचं. काटा दबला तर दोष वरचा, पुसला की गेला. नाही दबला तर दोष पोटातला, एक्सल बाद.

जोडीदार होता ढुंढिराज. भोसले घाटावर दोघं एकाच वयात पोहायला शिकलेले, त्यामुळे अरे-तुरेची दोस्ती. काम करताना मात्र अलीकडचं चाक मध्ये येई आणि ढुंढिराज सुमंतला दिसत नसे. सुमंतने "ठेव" म्हणायचं, काटा दबायचा. "उचल" म्हणायचं, काटा वर यायचा. मग खडूने पासची खूण.

त्या सकाळी सुमंत खुशीत होता. त्याची लेक मालविका नोकरीवर रुजू व्हायला नागपूरला निघाली होती, आणि तिच्या गाडीचे डबे ह्याच शेडमध्ये तयार झालेले. "तुझ्या डब्याची चाकं मीच पास केलीत, बिनघोर झोप," असं तो तिला स्टेशनवर मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता.

शेडमध्ये आल्यावर पहिल्याच एक्सलला काटा दिसला.

"ठेव," तो म्हणाला. काटा दबला.

"उचल." काटा वर आला.

त्याच वेळी समोरच्या फाटकातून ढुंढिराज आत आला. दोन्ही हातांत चहाचे मातीचे कुल्हड होते.

कुणीतरी खोडी काढतंय, हे सुमंतच्या मनात पहिलं आलं. तो उठून चाकामागे गेला. तिथे कुणी नव्हतं. जिथे बोट टेकवायचं, तिथली धूळ जशीच्या तशी होती. ठसा नव्हता. तेलाचा थेंबही नव्हता. थेंब नाही, मग काटा कशाचा, हा विचार त्याला आवडला नाही. त्याने नमुन्याच्या एक्सलवर यंत्र लावून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

"कुठे होतास?"

"चहा आणायला. का रे?"

"मग बोट कोणी ठेवलं?"

ढुंढिराज कुल्हडाकडे बघत राहिला. "सच सांगू? दिवाळीपासून माझी कमर जाम आहे, भैया. झुकताच येत नाही. मी नुसता चाकामागे उभा राहतो. तू ठेव म्हणतोस, लगेच उचल म्हणतोस, चॉक मारतोस. मी समजलो, तुला जरूरतच पडत नाही."

बोट न ठेवताच काटा दबतो म्हणे; कामचुकार माणूस आता भुताखेताच्या नावावर सुटू पाहतोय, असं सुमंतला वाटलं. त्याला रागही आला. त्याने ढुंढिराजला पडद्यासमोर, हात दिसतील असं उभं केलं आणि पुन्हा प्रोब टेकवला.

"ठेव."

काटा दबला.

ढुंढिराजच्या मनगटावर गरम चहा सांडला. त्याने हात झटकलासुद्धा नाही.

सुमंतने एक्सलवर लाल फुली मारली, आणि मारता मारता त्याचा हात थांबला. दिवाळीपासून पास केलेले सगळे एक्सल आता रुळांवर धावत होते. मालविकाच्या डब्याखालचा त्याला चांगला आठवत होता. त्यालाही काटा होता. तो दबला, म्हणून त्याने पासची खूण केली होती.

त्याने रेल्वेच्या कंट्रोल रूमला फोन लावला. डब्याचा नंबर सांगितला, एक्सलला चीर आहे म्हणाला, चूक माझीच म्हणाला. ड्रायव्हरला कळवलंय, असं तिकडून उत्तर आलं. अशा चाकावर जोरात ब्रेक मारता येत नाही, गाडी हळूहळू थांबवतोय.

मग त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, गाडी स्लो होतेय. आणि माझ्या सीटखाली कबसे खटखट वाजतंय. ऐका." तिने फोन खाली धरला.

रुळांच्या सांध्यांचा ठोका सुमंत झोपेतही ओळखायचा. हा तो नव्हता. हा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाढत होता.

त्याचे ओठ आपोआप हलले.

"ठेव."

खटखट बंद झाली.

"थांबलं ते," मालविका म्हणाली. "गाडी तर अजून चालतेय. बाबा, तुम्ही कुणाला सांगितलंत?"

इतक्या वर्षांची सवय. त्या शब्दामागून दुसरा शब्द आपसूक जिभेवर यायचा. सुमंतने तळहात तोंडावर गच्च दाबला.

ढुंढिराजने ते पाहिलं. कुल्हड खाली ठेवून त्याने आपलाही हात त्या हातावर दाबून धरला.