मिरजेहून आलेले छातीचे फोटो

"फोटो हललाय," एवढं सुनावायलाच डॉक्टर अंजना खाली एक्सरेच्या खोलीत गेली. मिरजेच्या त्या दवाखान्यात येऊन तिला चारच दिवस झाले होते.

आतल्या उंच माणसानं फिल्म उजेडासमोर धरली. "लेकराचा श्वास मिनटाला ऐंशी, बाई. हलनारच. परत काढतो. तुमी धरा त्येला."

सातव्या महिन्यातच जन्मलेलं ते बाळ तिनं धरलं. दोन श्वासांमधल्या क्षणाची वाट बघताना त्या माणसानं स्वतःचाही श्वास रोखला… या खेपेला फोटो स्वच्छ आला.

ते १९७४ साल. दहिवडीच्या शाळामास्तरांची ही मुलगी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांवर संशोधन करत होती. प्राणवायू कमी पडला तर बाळ निळं पडतं. जास्त झाला तर तोच कोवळ्या फुप्फुसांना इजा करतो. किती द्यावा, हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. ती बाळाचा रंग बघत प्राणवायू हळूहळू उतरवी, आणि तो उंच एक्सरेवाला, दादासो जाधव, फोटो काढून देई. तो फलटणच्या ऊसवाल्या घरातला, फौजेच्या इस्पितळात हे काम शिकलेला. अख्खा दवाखाना त्याला दादासो म्हणे. ती मात्र जाधव म्हणायची. 'दादा' म्हणायला जीभ का वळत नाही, हे तिला जरा उशिराच कळलं.

"आज फोटो नाही?" तिनं एकदा विचारलं.

"रोज नको, बाई. किरनांचाबी तरास असतो लेकरास्नी."

"मग उगाच आले मी खाली."

"आलायसा तर…" त्यानं स्टूल पुसलं, "बसा की."

माण तालुक्यातल्या अंबूबाईचं बाळ सव्वीस दिवसांनी काचपेटीतून आईच्या कुशीत गेलं. त्याची शेवटची फिल्म दोघं कितीतरी वेळ बघत राहिले. फिल्मच्या कडेला बोटाला बोट लागलं — कुणीच काढलं नाही.

त्याच आठवड्यात दिल्लीहून पत्र आलं. हेच काम, दोन वर्षं.

"जावा, बाई. तितं मोठी मशिनं असत्यात," तो म्हणाला. आणखी काहीतरी ओठांवर होतं. ते तिथंच राहिलं.

दिल्लीला दर महिन्याला फिल्म्सचं पाकीट यायचं, सोबत एक चिठ्ठी. 'बाळ चौदावं. वजन तीन पौंड. तब्येत बरी. इकडं कृष्णेला पाणी लय हाय.' बाळाचा तपशील ती वहीत उतरवी. शेवटची ओळ मात्र गच्चीत उन्हाला बसून पुन्हा पुन्हा वाची.

वैशाखातल्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीला 'इकडं' एवढंच होतं. पुढं कोरं.

दोन दिवस ती त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी रजा टाकून गाडीत बसली.

मिरजेला दवाखान्याच्या दारातच दादासो भेटला. तो वाळला होता.

"पुढं काय लिहायचं होतं?" तिनं विचारलं.

"तुमी डाक्टर. मी फोटू काढनारा. लिवून काय उपेग?"

"उपयोगाचं मी बघते. तुम्ही फक्त सांगा."

"करमत न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "तुमी गेल्यापासनं… कशातच करमत न्हाई."

तिचे डोळे भरले, आणि हसूही आलं. "मला अजून एक वर्ष तिकडं राहावं लागेल, जाधव."

त्यानं मान वर केली. "ऱ्हावा की. बुधवारी मला रजा हाय. आईच्या कानावर घालायला फलटनला जायचं म्हनतो." मग हळूच — "संगं येता?"

"येते," ती म्हणाली.