पाण्यातला चंद्र

"माझा नवरा लोकांनी भिंतीवर टांगलाय," गणिताच्या बाई म्हणाल्या, आणि भावोजींच्या कपातला चहा बशीत सांडला.

बाईंनी पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. कुठल्याशा बिल्डरचं. पानभर धरणाचं पाणी, कोवळं ऊन, मधोमध होडी आणि वल्हं मारणारा पाठमोरा माणूस. खालच्या अंगाला पाण्यात पांढराशुभ्र चंद्र. खाली छापलेलं, 'एकटा नावाडी'. फोटो काढणाऱ्याच्या नावाचा पत्ताच नव्हता.

"हे माझे मिस्टर. त्या सहलीनंतर थोड्याच दिवसांत गेले. फोटो मी काढलाय. मोठी प्रत एकच केली, आणि मूळ फाइल बिघडलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेली. आमच्या हौशी छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनाला मी तीच फ्रेम दिली, तर चिटणीस सगळ्यांदेखत म्हणाले, बाईंनी कॅलेंडरवरून चोरलाय!"

"तुमच्या फोटोत हा चंद्र आहे?" ताईने विचारलं.

"तिथेच तर घोडं अडलंय. माझ्या फोटोत चंद्र नाही. ते म्हणतात, चोरी लपवायला मी पुसला. आज संध्याकाळी समिती बसतेय. माझं नाव कापायचं तर कापू देत. पण फोटो माझा नाही असं ठरलं, तर हा माणूसही माझा राहत नाही हो."

ताई खासगी गुप्तहेर. औषधाच्या दुकानावरची एक खोली, एक पंखा, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीत तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी. निवृत्त झाल्यापासून ते मदतीला येत. मदत बेताचीच व्हायची, पण हौस दांडगी.

"बिल्डरला विचारलंत?"

"कुणा एजंटाने दिला म्हणे. नाव माहीत नाही."

"आणि फ्रेम कुणाकुणाकडे होती?"

"आधी फ्रेमवाल्याकडे. मग माझ्या दादाकडे. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याने हौसेने दवाखान्यात लावली. तिथून थेट मंडळात."

फ्रेमवाला सरसाने माखलेले हात पुसत बाहेर आला. "होडीवाला ना? आला होता की. तारीख काही आठवत नाही बुवा, फ्रेमांचा ढीग असतो. टेबलावर उघडाच पडून होता. काच सगळ्यात शेवटी बसते."

"म्हणजे काच नसताना तो तुमच्या हाताशी होता," ताई म्हणाली.

"होता. म्हणून मी चोर झालो काय?" फ्रेमवाला भडकला.

बाहेर पडताच भावोजी कुजबुजले, "मेहुणीबाई, हाच! कसा अंगावर आला बघितलंत ना?"

"तुम्हाला कुणी चोर म्हटलं तर तुम्ही ओवाळाल का त्याला?"

दवाखान्यात दादा डॉक्टर नुसते धुमसत होते. खुर्चीसमोरच्या भिंतीवर, चांगल्या उंचीवर, एक रिकामा खिळा होता.

"लोक खुर्चीत आडवे झाले की घाबरतात. समोर पाणी दिसलं की जरा शांत होतात. सुई देऊन मी बाहेर जातो, दाढ बधिर व्हायला वेळ लागतो. परत येतो तेव्हा पेशंट फोटोकडेच टक लावून असतो."

"फ्रेम कुणी खाली काढली होती?"

"छे! मी आहे ना इथे. कोण हात लावेल?"

ताईने भावोजींना खुर्चीत झोपवलं आणि वरचा गोल दिवा लावला. भावोजींनी डोळे गच्च मिटले. "अहो, माझी दाढ चांगली आहे!"

"दिवा नेहमी चालू असतो?"

"कुणी खुर्चीत असेल तरच."

मंडळाच्या हॉलमध्ये फोटो टांगायची धांदल होती. चिटणिसांनी तिघांसाठी सरबत मागवलं, चमच्याने आपल्या ग्लासातला बर्फ तेवढा बशीत काढला आणि मान हलवली.

"वाईट वाटतं हो बाईंबद्दल. पण मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला तो कॅलेंडरवर. त्यांची फ्रेम नंतर आली. त्यांचा भाऊ काय, बहिणीची बाजू घेणारच."

"आणि कॅलेंडरवरचा चंद्र? कसा वाटतो?"

"व्वा! तोच तर त्या फोटोचा प्राण आहे."

ताईने कॅलेंडर फ्रेमशेजारी धरलं. "भावोजी, नीट बघा. काय दिसतं?"

"दोन्हीकडे तोच माणूस. दोन्हीकडे लाटांनी होडीची सावली तुटलीय. कॅलेंडरात चंद्र आहे, ताटलीसारखा गोल. छान आहे."

"छान आहे. जरा जास्तच छान आहे," ताई म्हणाली आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेली. समितीची बैठक दवाखान्यात घ्या, अशी तिने गळ घातली.

संध्याकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रेम पुन्हा खिळ्यावर चढली होती. चिटणीस तोंडावर रुमाल धरून दाराशीच थांबले होते. दादा डॉक्टर कोपऱ्यात गप्प उभे होते. मी विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी ताईने त्यांना तंबी दिली होती. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला ते फार जड जात होतं. गणिताच्या बाई पदराचं टोक पिळत होत्या.

"अध्यक्षीणबाई, खुर्चीत टेका. आता फ्रेमकडे बघा." ताईने दिवा लावला.

अध्यक्षीणबाई ताडकन उठून बसल्या. "अगं बाई! चंद्र उगवला!"

फ्रेमच्या काचेत, नेमका होडीखालच्या पाण्यात, दिव्याचा गोल चमकत होता.

"लाटांनी होडीची सावली तुटली, मग चंद्र अख्खा कसा राहिला?" ताई म्हणाली. "कारण तो पाण्यात नव्हताच, काचेवर होता. बाईंनी चंद्र पुसला नाही, चोराने नकळत आणला. हा फोटो या खुर्चीतून, काचेवरून काढलाय."

"मग फ्रेमवाला..." भावोजी सुरू झाले.

"त्याच्याकडे फोटो काचेशिवाय पडला होता. डॉक्टर तर फ्रेम खाली घेऊन हवी तशी उघडू शकत होते. काचेवरून तोच काढणार, ज्याला फ्रेमला हात लावायची सोय नाही. दिवा चालू, डॉक्टर बाहेर, दाढ बधिर आणि हातात फोन."

"पेशंट काय ढिगाने येतात!" दारातून चिटणीस म्हणाले.

"येतात. पण फ्रेम मंडळात आलेली बघून घाम कुणाला फुटेल? कॅलेंडरचा फोटो ज्याने दिला त्यालाच. मग आपणच आधी ओरडायचं. चोराच्या उलट्या बोंबा!"

"मी या दवाखान्यात आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही!"

"डॉक्टर, आता बोला."

"काय हो," दादा डॉक्टर एका दमात म्हणाले, "दाढ काय म्हणतेय? कॅप बसवायला आलाच नाहीत ते!"

"बर्फ!" भावोजी केवढ्याने ओरडले. "सरबतातला बर्फ काढला होता यांनी!"

चिटणिसांचा रुमाल खाली आला. "कॅलेंडरवाल्यांना फोटो लागतात," ते पुटपुटले. "मंडळातल्या अजून एकदोघांचेही दिलेत मी. हौशी लोकांचे फोटो, नाव कोण विचारतं?"

"मी विचारते," गणिताच्या बाई म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तशाच. चिटणीस खाली मान घालून निघून गेले, कुणी त्यांना अडवलं नाही.

अध्यक्षीणबाईंनी पर्समधून पेन काढलं. "बिल्डरला मी बघते. आधी प्रदर्शनाची चिठ्ठी. तुमचं नाव ठळक लिहिते. शीर्षक काय देऊ? 'एकटा नावाडी'च ठेवायचं?"

बाई खिळ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. पदराने काच पुसली आणि दिवा बंद करायला सांगितला. चंद्र गेला. होडी राहिली आणि तो पाठमोरा माणूस राहिला.

"नको," त्या म्हणाल्या. "एकटे कुठे होते ते? काठावर मी होते ना."