दक्षिणेहून येणारी डबी

खरं तर ते घर बाबांच्या विजेच्या कामांच्या यादीत होतं. त्यांचा गुडघा धरला, म्हणून शिडी मी खांद्यावर घेतली आणि नाइटक्लिफमधल्या त्या खांबांवरच्या घराचा जिना चढले. ऑक्टोबर संपत आलेला, इथला पावसाळा तोंडावर. या दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये, कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं. ढग येती, ढग जाती, गर्जून गर्जून कोरडेच राहती...

दार उघडलं ते एका उंच, घामानं निथळणाऱ्या तरुणानं. हा फिन्ली. इस्पितळात नर्स, टास्मानियाहून सहा महिन्यांच्या करारावर आलेला.

"पंखा फिरतो, पण त्याचा दिवा काही लागत नाही, आणि खोलीत दुसरा दिवाच नाही," तो म्हणाला. "बल्ब बदलला, रिमोटचे सेल बदलले. आता मीच बदलायचा राहिलोय."

"तू आहेस तसाच राहा," मी म्हणाले... आणि माझेच कान मला गरम लागले.

मेन स्विच बंद करून मी शिडी चढले. पंख्याची वरची टोपी खाली सरकवली. आत, रिमोटचा हुकूम ऐकणाऱ्या चपट्या डबीत, एक इवलीशी पाल वाळून बसली होती. पंख्याची बाजू शाबूत, दिव्याची जळालेली. दहा मिनिटांचं काम. तशीच नवी डबी खाली माझ्या व्हॅनमध्ये होती.

तो शिडी धरून उभा होता. वर बघत होता — डबीकडे नव्हे.

"डबी जळलीय," मी म्हणाले.

"नवी मिळेल ना?"

"दक्षिणेहून मागवावी लागेल," माझ्या तोंडून निघून गेलं. "तीन आठवडे... तरी लागतील."

आमच्याकडे हे कुणालाही पटतं. फ्रिजपासून फ्लॉवरच्या गड्ड्यापर्यंत सगळं दक्षिणेहून, लांबलचक ट्रकांतून, वाळवंट ओलांडून येतं. वाट बघणं आमच्या अंगवळणी पडलेलं. त्यानंही मान डोलावली. मी दिव्याची तार नीट बांधून टाकली, पंखा तेवढा सुरू केला आणि घरी येऊन तीनदा अंघोळ केली. जीव काही थंड होईना.

आठवड्यानं पुन्हा गेले.

"आज काय?"

"जोडणी तापत नाही ना, बघायला."

"आणि हे आंबे?"

"ते... तपासणीतच येतात."

पायऱ्यांवर बसून आम्ही आंबे खाल्ले. रस कोपरापर्यंत ओघळला. दूर समुद्रावर वीज चमकली, तो आकडे मोजत राहिला, आवाज आलाच नाही.

"पावसाळ्याआधी सगळे पळतात म्हणे इथून?"

"दक्षिणेचे पळतात. भिंतींना बुरशी येते, रस्ते बुडतात, शेजारी शेजाऱ्याशी भांडतो. पावसाळा काढला, तर तो माणूस इथला."

"आणि नाही काढला तर?"

"तर पाहुणा."

त्यानं कोय दूर भिरकावली.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला. करार शनिवारी संपतोय. इस्पितळ विचारतंय, राहणार का. गुरुवारी पाचच्या आत सांगायचंय. आणि शेवटी एवढंच — डबी आली का?

गुरुवारी साडेचार वाजता मी डबी घेऊन गेले. जोडलं, टोपी बसवली, मेन स्विच चालू केला. त्यानं रिमोट दाबला.

दिवा लागला.

तो दिव्याकडे नुसता बघत राहिला. "म्हणजे तुझं इथलं काम संपलं, थेमी."

"तू काय सांगणार आहेस त्यांना?"

"तेच ठरत नाहीये. सकाळी वाटतं राहावं. दुपारी वाटतं, कुणासाठी?"

पाचला दहा मिनिटं कमी होती. मी शिडी मिटून भिंतीला टेकवली.

"फिन्ली, ही डबी दक्षिणेहून आली नाही."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून खाली गाडीत होती."

तो हळूच म्हणाला, "तीन आठवडे मी कपाळाला टॉर्च बांधून जेवलोय."

"हो."

"माशाचा काटा गिळलाय मी."

"दिवा लागला असता, तर परत यायला निमित्त उरलं नसतं. बाबांना कळलं तर शिडी हिसकावून घेतील माझ्याकडून. पण तू जाण्याआधी सांगायचं होतं... तू जाऊ नयेस, म्हणून सांगायचं होतं."

तो बाहेर व्हरांड्याच्या कठड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. "अजून काय काय खोटं होतं?"

"जोडणी कधीच तापत नव्हती."

"आणि आंबे?"

"आंबे खरे होते."

त्याचे खांदे हलले. रडतोय की हसतोय, मला कळेना. वळला तेव्हा फोन कानाला होता.

"हो, फिन्ली बोलतोय. राहतो मी... नाही, ख्रिसमसपर्यंत नको. एप्रिलपर्यंत लिहा. अख्खा पावसाळा."

पलीकडून कुणीतरी काही विचारलं.

"कारण?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा धुळीनं माखलेला हात हातात घेतला. "लिहायलाच हवं का? बरं... घरगुती, असं लिहा."